अनुभव धागा : मंदाकिनीच्या काठी, काहीही न करता

केदारनाथला जाऊन आलेले पुष्कळ भेटतात. पण वाटेतल्या मंदाकिनीच्या खोऱ्यात चार दिवस नुसते राहिलेले फार थोडे. तुम्ही राहिला असाल तर इथे लिहा. कुठे राहिलात, काय खाल्लंत, कोणत्या गोष्टी कानावर पडल्या, सगळं चालेल.

सुरुवात माझ्यापासून. आमचंही ठरवून काही झालं नव्हतं. सोनप्रयागच्या अलीकडे दरड कोसळली, दर्शनाची तारीख हुकली, आणि सासूबाईंनी गुप्तकाशीच्या उतारावरच्या एका छोट्या गावात बसकण मारली. "आता मी इथून हलत नाही." ऋषिकेशपासून जेमतेम दोनशे किलोमीटर अंतर, पण अख्खा दिवस वळणं खात आलेल्या, त्यामुळे वाद घालायला जीव कुणात होता?

पहिले दोन दिवस मी नुसती चिडचिड केली. तिसऱ्या दिवशी नदीशी जाऊन बसले. समोर एक मोठा धोंडा होता. सकाळी त्याचा माथा कोरडा, त्यावर एक काळा पक्षी शेपूट हलवत बसलेला. दुपारनंतर वरचं बर्फ वितळून आलं की पाणी गढूळ होई, आवाज चढे आणि संध्याकाळी धोंडा गायब. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. पुढचे तीन दिवस मी हेच बघितलं, आणि मला कंटाळा आला नाही, याचं अजून नवल वाटतं.

गुप्तकाशीची कथा घरमालकिणीने सांगितली. युद्धानंतर गोत्रहत्येचं पाप फेडायला पांडव शंकराच्या मागे लागले, त्याला काही त्यांना भेटायचं नव्हतं. म्हणून तो काशी सोडून इथे येऊन लपला. पुढे केदारला बैलाचं रूप घेतलं, भीमाने ओळखून धरलं, तर देव जमिनीत शिरला आणि हाती राहिलं ते वशिंड. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे देवसुद्धा माणसांना टाळायलाच इथे आला होता. मग मी काय वेगळं करतेय?"

*

ताई, सासूबाईंना नमस्कार सांगा.

मी सिंधुदुर्गातला. तिकडे पहिल्याच दिवशी आम्ही उतरलो त्या घरच्या दीदींनी लोखंडी कढईत काहीतरी घट्टसर, काळपट शिजवून आणलं. नाव सांगितलं फाणू. तोंडात घास घेतला आणि थेट घरीच पोचलो, कारण ते कुळीथ होते! गढवालात गहत म्हणतात. भिजवून, वाटून, मंद आचेवर ढवळत बसायचं. गहत उकळलेल्या नुसत्या पाण्याचं कढणही करतात, आणि मुतखड्यावर ते चांगलं, हेही अगदी आमच्या आजीसारखंच सांगतात. मंडुव्याची रोटी म्हणजे आपल्या नाचणीची भाकरी. फक्त जराशी जाड, आणि वर घरच्या तुपाचा गोळा.

फोडणीत मात्र मोहरी नाही. बारीक काळपट दाणे, दाताखाली कुरकुरणारे. जख्या म्हणतात. झाड दाखवा म्हणालो तर अंगणाच्या कडेचं दाखवलं. ती आपली पिवळी तिळवण! आमच्याकडे तण म्हणून उपटून फेकतो ती. दीदी हसून म्हणाल्या, "भैजी, पुढच्या वेळी फेकू नका, आमच्याकडे पाठवा."

पाट्यावर लसूण-मिरचीबरोबर वाटलेलं मीठही विसरू नका. काकडीबरोबर खाऊन बघा.

*

आम्ही सोलापूरचे, वीरशैव. मंदाकिनीच्या पलीकडच्या अंगाला, गुप्तकाशीच्या समोर उखीमठ आहे. आमच्या पाच पीठांपैकी केदारपीठ तिथलं, हे लहानपणापासून ऐकलेलं, पण एवढ्या लांबच्या डोंगरात आपलं काही असेल हे मनाला पटत नव्हतं. तिथल्या ओंकारेश्वर मंदिराच्या अंगणात उभी होते आणि मागून कुणीतरी कन्नडमध्ये बोललं. माझ्या आईची भाषा. केदारनाथचे रावळ, म्हणजे मुख्य पुजारी, परंपरेने कर्नाटकातले असतात आणि हिवाळ्यात देवाची डोली इथेच उतरते. आई असती तर तिथेच गप्पा मारत बसली असती. मी नुसती ऐकत राहिले.

तिथली दुसरी कथा उषा-अनिरुद्धाची. बाणासुराच्या मुलीने स्वप्नात एक तरुण बघितला, सखी चित्रलेखेने एकेकाची चित्रं काढून दाखवली आणि तिने ओळखला तो कृष्णाचा नातू. उषेवरून उखीमठ. माझ्या मुलीचं म्हणणं, खरी हुशार चित्रलेखा, तिच्या नावाने गाव का नाही?

*

सगळे गोड लिहितायत म्हणून थोडं कडू. नदीकाठची खोली हौसेने घेतली आणि दोन रात्री डोळा लागला नाही. ते पाणी गुणगुणत वगैरे नाही, धडधडतं. तिसऱ्या दिवशी उताराच्या बाजूची खोली मागून घेतली. आणि यात्रेच्या दिवसांत शांतता शोधायला जाऊ नका. फाटा गाव, गुप्तकाशी या भागातून हेलिकॉप्टरांची ये-जा दिवसभर चालू असते. भाऊबीजेला केदारनाथ मंदिराची दारं बंद झाली की मग जा. थंडी कडक, निम्मी हॉटेलं बंद, पण कानाला आराम.

*

काठच्या खोलीवरून आठवलं. अगस्त्यमुनी गावाजवळ आम्ही उतरलो होतो ते घर रस्त्याच्या बरंच वर, नदीपासून लांब. मी भाबडेपणाने विचारलं, खाली काठाला दोन खोल्या का नाही बांधत, पर्यटक जास्त पैसे देतील. मालक काही बोलले नाहीत. गच्चीवर नेलं आणि खाली बोट दाखवलं. नुसते पांढरे गोटे. "तिथे आमचं दुकान होतं."

16-17 जून 2013. केदारनाथच्या वरचा चोराबारी ताल, म्हणजे तिथला तलाव, फुटला आणि नदी खोरं घासत खाली आली. अगस्ती ऋषींनी समुद्र पिऊन टाकला असं सांगतात, आणि त्यांच्याच गावाच्या वेशीत ही नदी शिरली. ते हे सांगताना चहात बिस्कीट बुडवत होते. ते तुटून पेल्यात पडलं, त्यांनी ते चमच्याने सावकाश काढलं, आणि विषय बदलला.

तेव्हा काठावरचं घर निवडताना जरा वर बघा, जरा खाली बघा.

*

आमचा मुक्काम त्रियुगीनारायणच्या वाटेवर होता. शिव-पार्वतीचं लग्न तिथे लागलं, विष्णू पार्वतीचा भाऊ म्हणून उभा राहिला, ब्रह्मदेव भटजी. त्याच लग्नाची धुनी अजून पेटती आहे असं मानतात. आपणही एक लाकूड वाहायचं आणि चिमूटभर राख घेऊन यायची. हल्ली तिथे लग्नं लावायला लोक लांबून येतात. आम्ही गेलो तेव्हाही एक वऱ्हाड होतं, आणि मुलीच्या पाठवणीची टोपली भरणं चालू होतं.

टोपलीत अरसे. भिजवलेले तांदूळ कुटून, गुळाच्या पाकात मळून, तळलेले. आम्हा अनोळखी लोकांच्या हातावरही दोन-दोन ठेवले. दिवाळीला पंचवीस वर्षं अनारसे करणारी माझी आई कोपऱ्यात उभी राहून एक अरसा उलटसुलट बघत होती. मग तुकडा तोडला, चावला, डोळे मिटले. मला वाटलं आता पाणी येणार डोळ्यांत.

"छान झालेत," ती म्हणाली. "पण खसखस विसरल्या."