सर्वेक्षणाची नोटीस आत्ता आली, परवाना केव्हाच दिलेला. आमचं म्हणणं मांडायचं कुठे?

किनाऱ्यावरची लेक

नमस्कार. आम्ही पालघर किनाऱ्यावरचे. घरची एक बोट आहे, वडील तांडेल (बोटीचे कप्तान), सोबत भाऊ आणि चार खलाशी. मच्छीमार सोसायटीचा पत्रव्यवहार मी बघते, म्हणून लिहायचं माझ्याकडे आलं.

गेल्या आठवड्यात सोसायटीत पत्र आलं. तेल-वायू शोधण्यासाठी समुद्रात सर्वेक्षण होणार, दिलेल्या अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत बोटी आणू नका, जाळी काढून घ्या. तारखा जानेवारी ते मे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते. म्हणजे कर्जाचे हप्ते फेडायचे महिने त्यांचे आणि घरी बसायचे आमचे.

दोन वर्षांपूर्वी असंच सर्वेक्षण झालं होतं. पापलेटची जाळी रात्री पाण्यात सोडलेली, टोकाला बोया आणि दिवा. पहाटे बघतो तर बोया आहे, त्याला वीसेक वाव, म्हणजे शे-सव्वाशे फूट जाळं लोंबतंय आणि पुढे काही नाही. दोर सुरीने कापावा तसा तुटलेला. भरपाई मागितली तर रात्रीचा फोटो आहे का असं विचारलं. काळोखात भर समुद्रात फोटो कोण काढतो? उरलेला तुकडा आईने अजून माळ्यावर ठेवलाय.

माझा प्रश्न असा: हा परवाना देतं कोण? देताना मच्छीमारांना विचारायची काही पायरी असते का? की आम्हाला फक्त पत्रच यायचं?

निवृत्त भूभौतिक

ताई, मी सव्वीस वर्षं अशाच सर्वेक्षणाच्या जहाजांवर काम केलं. जाळं तुटताना वरून पाहिलंय, त्यामुळे तुमचं म्हणणं मला पटतं. आधी परवान्याचं सांगतो.

२०१६ च्या नव्या धोरणापासून कंपनी स्वतः नकाशा बघून क्षेत्र निवडते आणि सरकारला सुचवते. त्यावर बोली लागते. सुचवणाऱ्याला थोडे जादा गुण असतात, पण तुमच्यासारख्या, जिथे आधीच तेल निघतंय अशा भागात मुख्य गुण दोन गोष्टींना: सरकारला महसुलातला किती वाटा देणार आणि किती काम करणार. हे काम म्हणजे किती चौरस किलोमीटर सर्वेक्षण, किती विहिरी. सचिवांची समिती शिफारस करते आणि पेट्रोलियम व अर्थ या दोन खात्यांचे मंत्री मंजुरी देतात. मग करार, मग शोधपरवाना. जमिनीवर तो राज्य सरकार देतं, समुद्रात केंद्र. तुमच्या समोरचं क्षेत्र जुन्या पद्धतीने, बोली न लावता नेमून दिलेलं असेल, तर ही बोलीची पायरीसुद्धा झालेली नसते.

आता तुमच्या कामाचं. सर्वेक्षण बोलीतच कबूल केलेलं असतं, त्यामुळे पत्र येतं तेव्हा "करू की नको" हा प्रश्न कंपनीपुरता संपलेला असतो. क्षेत्र ठरवताना संरक्षण खात्याला विचारतात, मासे कुठे मिळतात हे विचारायची सक्ती नाही. विहीर खोदायला पर्यावरण मंजुरी लागते, पण जानेवारी २०२० मध्ये शोधविहिरी 'ब-२' या कमी तपासणीच्या गटात टाकल्या आणि तिथली जनसुनावणी गेली. ती राहिली पुढच्या टप्प्याला, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन सुरू करताना. माझ्या मते ही मोठी चूक झाली. उत्पादनाच्या वेळी जागा ठरून गेलेली असते, तेव्हा कोळ्याने काय बोलायचं?

वर आणखी एक अडचण. १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या हातात, परवाना केंद्राचा. दोन्हीकडे जाऊन आलेला माणूस दमतो.

जहाजाचंही सांगतो. मागे कित्येक किलोमीटर लांब केबली ओढत ते चार-पाच नॉटने, म्हणजे ताशी सात ते नऊ किलोमीटरने चालतं. दर दहा-बारा सेकंदांनी दाबलेली हवा पाण्यात सोडायची आणि तळाखालून परत येणारा आवाज टिपायचा. एवढा पसारा घेऊन त्याला थांबता येत नाही, चटकन वळताही येत नाही. पुढे राखणीच्या बोटी असतात. माझ्या अनुभवात त्यांच्यावर गावातला जाणकार तांडेल असला की जाळी वाचतात, नसला की तुटतात.

स्टॅव्हँगरहून

मूळची अलिबागची, आता नॉर्वेत. इथे नवीन समुद्री क्षेत्र शोधासाठी खुलं करायचं तर आधी परिणामांचा अभ्यास होतो आणि प्रश्न संसदेपुढे जातो. सर्वेक्षण-जहाजावर मासेमारीचा जाणकार ठेवावा लागतो. सर्वेक्षणाच्या आवाजाने मासे खरंच पळतात का, हेही इथे तपासलंय: १९९२ मध्ये बॅरेंट्स समुद्रात हवेचे बार सुरू असताना आणि नंतरही कॉड-हॅडॉकची पकड सरासरी निम्म्यावर आली, पाच दिवसांनीही सावरली नव्हती. आपल्या पापलेटवर हे आकडे जसेच्या तसे लावू नका, पण "मासे कमी झाले" हा मनाचा खेळ नाही, एवढं सांगायला ते पुरे आहेत.

निवृत्त भूभौतिक

अगदी बरोबर. ताई, तीन गोष्टी आत्ताच करा. माहिती अधिकारात परवान्याच्या अटी आणि सर्वेक्षणाचं वेळापत्रक मागा. राखणीच्या बोटीवर तुमच्या गावचे तांडेल घ्या, असं लेखी कळवा. आणि सर्वात महत्त्वाचं, तुमच्या मासेमारीच्या जागांचा नकाशा हायड्रोकार्बन महासंचालनालय (तेल-वायू शोधावर देखरेख ठेवणारं केंद्राचं कार्यालय) आणि राज्याचं मत्स्य खातं, दोघांना देऊन पोच घ्या. त्यांच्या नकाशावर तिथे नुसतं निळं पाणी दिसतं.

किनाऱ्यावरची लेक

काका, ताई, खूप आभार. काल वडिलांसोबत बसले. भावाच्या जीपीएसमध्ये खुणा होत्याच, पण त्यांच्या डोक्यात त्याहून जास्त निघाल्या. कुठे बोंबील, कुठे घोळ मासा, उधाणाला (मोठ्या भरतीला) कुठे जायचं, भांगाला (लहान भरतीला) कुठे. खोली ते वावात सांगतात, तळ चिखल की वाळू तेही. अकरा जागा झाल्या, चार त्या चौकटीत पडतात. शेजारचे दोन तांडेल उद्या येतायत. अर्जात वाव लिहिले तर चालतील का?

निवृत्त भूभौतिक

वावच लिहा, शेजारी मीटर घाला. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. आणि प्रत्येक जागेपुढे कोणत्या महिन्यात तिथे जाळी असतात ते लिहायला विसरू नका, वेळापत्रक हलवायचं म्हटलं तर त्यांना तेच लागेल.