भागधारकाच्या पैशातून राजकीय देणगी: विचारायचं कोणी, कोणाला?

नीरजा_व

माझ्याकडे एका सूचीबद्ध कंपनीचे थोडे शेअर आहेत. बाबांनी घेतलेले, ते गेल्यावर माझ्या नावावर झाले. यंदा पहिल्यांदाच तिचा वार्षिक अहवाल नीट वाचायला घेतला. ‘इतर खर्च’ या सदराच्या टिपांमध्ये एक ओळ सापडली: राजकीय पक्षाला देणगी, रक्कम काही कोटी, आणि पुढे पक्षाचं नाव. त्या पक्षाला मी आजवर मत दिलेलं नाही आणि पुढेही देणार नाही.

माझा वाटा यात काही पैशांचाच असेल, हे कळतं. तरी मनातून जात नाही. मतपेटीपाशी मी एक सांगायचं आणि माझ्याच पैशाने माझ्या मागे दुसरंच करायचं, हे कोणत्या न्यायाने? मला कोणी विचारायला नको होतं का? कायदा काय म्हणतो?

दुसरा प्रश्न जास्त मोठा आहे. माझा भाऊ म्हणतो, सरकारने उद्योगांच्या वाटेतून बाजूला व्हावं, मग कोणती कंपनी कशाला कोणत्या पक्षाला पैसे देईल? मला हे पुरतं पटत नाही, पण खोडताही येत नाही. जाणकारांनी लिहावं.

पैलतीर

तुमचा भाऊ बरोबर बोलतोय. ज्याच्या हातात परवाना, त्याच्या दारात रांग. राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) ‘लायसन्स-परमिट-कोटा राज’ म्हणून ज्याच्यावर बोट ठेवलं, त्यात कारखान्याने किती माल काढायचा हेसुद्धा दिल्लीत ठरायचं. अशा व्यवस्थेत सत्ताधाऱ्याला पैसे न देणारा उद्योजक टिकलाच नसता. देणगीवर कितीही कायदे करा, सरकारकडे वाटण्यासारखं काही आहे तोवर पैसा वाट काढणारच. सरकारने न्याय, संरक्षण, कायदा-सुव्यवस्था एवढं चोख करावं. बाकी दुकान बंद केलं की गिऱ्हाईकही येणार नाही.

ताळेबंद

नीरजाताई, मी एका कंपनीच्या सेक्रेटरिअल विभागातून निवृत्त झालो. संचालक मंडळाच्या बैठकांच्या नोटा (विषयांची टिपणं) काढणं आणि मिनिट्स (झालेल्या कामकाजाची नोंद) लिहिणं हेच माझं काम होतं, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला आतून माहीत आहे.

कायद्याने तुम्हाला कोणीही विचारायची गरज नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १८२. सरकारी कंपनीला आणि स्थापनेला तीन वर्षं न झालेल्या कंपनीला देणगी देता येत नाही. बाकीच्यांनी मागच्या तीन वर्षांच्या निव्वळ नफ्याची सरासरी काढायची आणि तिच्या साडेसात टक्क्यांपर्यंत द्यायचं. म्हणजे सरासरी नफा २०० कोटी असेल तर एका वर्षात १५ कोटी. त्यासाठी लागतो फक्त संचालक मंडळाचा ठराव. भागधारकांच्या सभेपुढे हा विषय यायलाच हवा असं कुठेही लिहिलेलं नाही.

हा ठराव कसा होतो तेही सांगतो. विषयपत्रिकेच्या अगदी शेवटी, ‘अध्यक्षांच्या अनुमतीने येणारे विषय’ याच्या थोडंसं वर. त्याच बैठकीत एका बॉयलरच्या दुरुस्तीवर अर्धा तास प्रश्नोत्तरं झालेली मी पाहिली आहेत: तीन कोटेशन का नाहीत, हमी किती वर्षांची, जुना भंगारात किती जाईल. आणि देणगीचा विषय निघाला की नोट वाचून होईपर्यंत लोक कागद आवरायला लागलेले असायचे. या पैशाच्या बदल्यात कंपनीला काय मिळणार, असं कोणी विचारत नाही. कारण प्रामाणिक उत्तर दोनच. काहीच मिळणार नसेल, तर भागधारकांचा पैसा उधळला. काही मिळणार असेल, तर ते मिनिट्समध्ये लिहिता येत नाही. या पेचातून सुटायला एकही संचालक मला वाट दाखवू शकला नाही, आणि म्हणून माझं ठाम मत आहे की कंपनीने पक्षाला देणगी देऊ नये. माणसाने द्यावी. मत माणसाला आहे.

तुमचा प्रश्न नवा नाही. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या घटनापत्रात राजकीय देणगीची तरतूद घालायची होती. एका भागधारकाने विरोध केला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मुख्य न्यायमूर्ती छागला होते. कायद्यात मनाई नव्हती, म्हणून त्यांनी दुरुस्ती रोखली नाही. पण निकालात त्यांनी बजावून ठेवलं की हा धोका वाढत जाऊन एक दिवस या देशातल्या लोकशाहीचा गळा आवळू शकेल आणि संसदेने याचा विचार करावा. संसदेने १९६० मध्ये विचार केला तो मर्यादा घालून परवानगी देण्याचा.

तुम्हाला निदान पक्षाचं नाव दिसलं. २०१७ ते २०२४ या काळात तेही दिसलं नसतं. २०१७ च्या वित्त कायद्याने टक्क्यांची मर्यादा काढली आणि कोणत्या पक्षाला दिले ते सांगायचं बंधनही काढलं. नफा नसलेली कंपनीसुद्धा देणगी देऊ शकत होती. विचार करा, ज्या कंपनीला नफाच नाही, ती कोणाचे पैसे देतेय? २ जानेवारी २०१८ ला निवडणूक रोख्यांची योजना आली. एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे, स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत मिळणारे, १५ दिवसांत पक्षाने वटवायचे. रोख्यावर देणाऱ्याचं नाव नाही. क्रमांक होता, पण अतिनील प्रकाशाखाली धरला तरच दिसणारा. म्हणजे नोंद होती, ती फक्त तुमच्या-माझ्यासाठी नव्हती.

जानेवारी २०२४ पर्यंत असे सुमारे १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने योजना घटनाबाह्य ठरवली आणि कंपनी कायद्यातले ते बदलही रद्द केले. साडेसात टक्के आणि पक्षाचं नाव, दोन्ही परत आलं ते तेव्हा. रोखे कोणी घेतले आणि कोणत्या पक्षाने वटवले याची यादी न्यायालयाने स्टेट बँकेकडे मागितली, ती द्यायला बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली होती. लोकसभेचा निकाल लागला ४ जूनला. न्यायालयाने मुदत नाकारली म्हणून मार्चमध्ये आपल्याला कळलं की एप्रिल २०१९ पासूनच्या काळात भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूलला १,६०० कोटींच्या वर आणि काँग्रेसला १,४०० कोटींच्या वर मिळाले. हा एका पक्षाचा दोष म्हणून मी लिहीत नाही. सत्ता जिथे ज्याच्याकडे, तिथे त्याचा वाटा मोठा, हे राज्यांकडे पाहिलं तरी दिसतं.

आता पैलतीर यांचा मुद्दा. दुकान बंद करा म्हणता, पण काही दुकानं बंद होत नाहीत. मोबाईलच्या लहरी कोणीतरी वाटून द्यायलाच लागतात. जमिनीखालचा कोळसा कोणीतरी खणायला द्यायलाच लागतो. १९९१ नंतर कारखान्याचे परवाने गेले, तरी पैसा आटला नाही. तो परवान्याकडून लहरींकडे, खाणींकडे आणि जमिनींकडे वळला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये १२२ दूरसंचार परवाने रद्द केले, २०१४ मध्ये २१४ कोळसा पट्टे रद्द केले. दोन्ही वेळेला आक्षेप वाटपाच्या रीतीला होता. सरकारने वाटप केलंच कसं, असा नव्हता.

शिवाय सरकारने बाजूला होणं हासुद्धा सरकारचाच निर्णय असतो आणि त्यालाही गिऱ्हाईक असतं. प्रदूषणाचा नियम सैल करा, तपासणी बंद करा, कर कमी करा, या मागण्यांसाठी कंपन्या पैसे देत नाहीत असं वाटतं का? नदीत सांडपाणी सोडणाऱ्याला ‘लहान सरकार’ फार आवडतं. म्हणून सरकार लहान की मोठं, या वादात मला रस नाही. जिथे एखादी सही कारण न सांगता अडवून धरता येते किंवा कारण न सांगता देता येते, तिथे पैसा जातो. सरकारने ती जागा नियमाने बांधावी, कारणं लिहावीत, लिलाव उघड करावा. हे मोठं सरकारही करू शकतं आणि लहान सरकारही टाळू शकतं.

पैलतीर

लहरी आणि कोळसा यांच्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण नियमाने बांधलेली सहीसुद्धा अडवणारे अडवतात, आणि सह्या जितक्या कमी तितकं बरं, हे माझं म्हणणं कायम आहे.

वसुधा_आर

ताळेबंद, तुम्ही इतकं स्पष्ट लिहिता की कंपनीने देऊच नये, मग थेट बंदीची मागणी का नाही? फ्रान्सने १९९५ पासून कंपन्यांच्या देणग्या बंद केल्या आहेत. कॅनडात २००७ पासून केंद्रीय पातळीवर कंपनी आणि कामगार संघटना दोघांनाही मनाई. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बंदी आणली. अमेरिकेत केंद्रीय निवडणुकांत कंपनीच्या तिजोरीतून उमेदवाराला थेट पैसे देण्यावर १९०७ पासून बंदी आहे. मात्र २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाने कंपन्यांना प्रचारावर स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करायची मोकळीक मिळाली आणि पुढचं दार बंद, मागचं सताड उघडं असं झालं. आपण दोन्ही दारं लावूया की.

ताळेबंद

वसुधाताई, आपण एकदा लावून पाहिलंय. १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी घातली, ती १९८५ पर्यंत होती. राजाजींनी काढलेल्या, उद्योगांची बाजू घेणाऱ्या ‘स्वतंत्र’ पक्षाची रसद तोडायला ती घातली असं तेव्हाही बोललं गेलं. निवडणुका स्वस्त झाल्या नाहीत, त्यामुळे पैसा थांबला नाही. तो चेकमधून बॅगेत गेला. दुसरी वाट पक्षांच्या स्मरणिकांची. पानभर जाहिरात द्यायची, तीही अशा स्मरणिकेत जी कोणी वाचत नाही, आणि खर्च जाहिरातीच्या खात्यावर टाकायचा. आज कलम १८२ मध्ये पक्षाच्या स्मरणिकेतली जाहिरातसुद्धा देणगीच समजली जाईल असं वेगळं लिहिलेलं आहे. कायद्यात असं वाक्य उगाच येत नाही.

फ्रान्समध्ये बंदी टिकते, कारण तिच्यासोबत बाकीचंही आहे: प्रचाराच्या खर्चाला कमाल मर्यादा, खर्चाचा मोठा भाग सरकारी तिजोरीतून परत, माणसाने एका वर्षात पक्षांना द्यायची रक्कम ७,५०० युरोपर्यंत, आणि टीव्हीवर पैसे देऊन राजकीय जाहिरात नाही. आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यात ९५ लाखांची मर्यादा आहे आणि त्याच्या पक्षाला कसलीही मर्यादा नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरावा असा निकाल दिला होता. सरकारने लगोलग अध्यादेश काढून तो निष्प्रभ केला. माझ्या मते आजच्या सगळ्या रोगाचं मूळ तिथे आहे. पक्षाच्या खर्चाला टोपण नाही तोवर कंपन्यांवर बंदी म्हणजे पुन्हा बॅगा.

म्हणून माझा क्रम असा: आधी पक्षाच्या खर्चाला मर्यादा, त्याबरोबर देणगीची वेळेवर जाहीर माहिती, आणि मग बंदी. वेळेवर म्हणजे काय, ते बघा. एखाद्या कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये, मतदान चालू असताना, पक्षाला देणगी दिली. ती २०२४-२५ च्या हिशेबात धरली जाणार. कंपनीचा वार्षिक अहवाल येणार २०२५ च्या उन्हाळा-पावसाळ्यात, पक्षाचं निवडणूक आयोगाकडचं विवरण त्याहून पुढे. मतदाराला कळेपर्यंत सरकार येऊन वर्ष उलटलेलं. आणि देणगी इलेक्टोरल ट्रस्टमार्फत, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थेमार्फत गेली असेल, तर ट्रस्टला कोणी दिले आणि ट्रस्टने कोणाला दिले हे दोन्ही दिसतं, पण कोणाचा पैसा कोणाकडे गेला हे बहुतेक वेळा कळत नाही, कारण तो एकत्र झालेला असतो.

नीरजा_व

सगळ्यांचे आभार. भावाला लहरी आणि कोळशाचं उदाहरण वाचून दाखवलं. ‘लिलाव मान्य’ म्हणाला, म्हणजे थोडा हलला.

बंदी येईल तेव्हा येईल. तोवर भागधारक म्हणून मला हातात काय आहे? मी सभेत ठराव मांडू शकते का?

ताळेबंद

ठराव मांडायला मतदानाच्या हक्काच्या एक दशांश एवढे भागधारक बरोबर लागतात. तुमच्या-माझ्यासारख्यांना ते अशक्य. ब्रिटनमध्ये २००० च्या कायद्यापासून राजकीय देणगीला भागधारकांची आधी मंजुरी लागते. आपल्या विधी आयोगानेही २०१५ च्या २५५ व्या अहवालात हा निर्णय संचालक मंडळाकडून काढून सर्वसाधारण सभेकडे द्यावा अशी शिफारस केली आहे. ती पडून आहे.

प्रश्न मात्र एक शेअर असला तरी विचारता येतो, आणि वार्षिक सभेत विचारलेल्या प्रश्नाला अध्यक्षांना सगळ्यांसमोर काहीतरी बोलावं लागतं. पक्षाचं नाव घेऊन भांडू नका. ‘आमच्या पक्षाला का दिले नाहीत’ असा त्याचा अर्थ लावतील आणि विषय संपवतील. असं विचारा: ही देणगी देण्यामागे कंपनीचं कोणतं व्यावसायिक कारण मंडळापुढे मांडलं गेलं? स्वतंत्र संचालकांपैकी कोणी त्यावर प्रश्न विचारला का? कंपनीचं राजकीय देणगीबाबत लेखी धोरण आहे का, आणि असल्यास ते संकेतस्थळावर का नाही? पुढच्या वर्षीपासून मंडळ आपणहून हा विषय भागधारकांच्या मंजुरीसाठी ठेवेल का?

सभा ऑनलाइन असेल तर बोलण्यासाठी आधी वक्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. सभेच्या नोटिशीत मागच्या पानांवर, ई-मतदानाच्या सूचनांच्या आसपास, त्याचा ईमेल पत्ता आणि शेवटची तारीख असते. फोलिओ किंवा डीमॅट क्रमांक घालून प्रश्न त्याच मेलमध्ये लेखी पाठवा. सभेत वेळ संपला म्हणून माईक बंद केला, तरी लेखी प्रश्न सेक्रेटरीच्या टेबलावर राहतो आणि त्याचं काय केलं ते त्याला वर सांगावं लागतं. त्या टेबलावर मी बसलोय. असे दहा मेल आले की मंडळाच्या पुढच्या नोटेत तो विषय शेवटून वर सरकतो.