भिंतीवरचा साचा: बंड की विद्रूपीकरण?

धागाकर्ता (परभणी):
सप्टेंबर २०२५मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसच्या भिंतीवर बँक्सी या नाव लपवून चित्रे काढणाऱ्या ब्रिटिश भित्तिचित्रकाराचे चित्र उमटले. खाली पडलेल्या आंदोलकावर न्यायाधीश हातोडा उगारतो आहे, असे ते चित्र काही दिवसांतच घासून काढण्यात आले. पण दगडावर राहिलेली काळसर आकृती मला मूळ चित्राहून बोलकी वाटते. कोरलेल्या साच्यातून (स्टेन्सिल) रंग मारण्याचे त्याचे हे तंत्र आपल्याला परके नाही. मोंढ्यात पोत्यांवर नाव मारायला कोरलेला पत्रा वापरतात आणि ‘व’च्या पोटातला तुकडा गळू नये म्हणून बारीक दांडी राखतात, अगदी तेच. कोरण्याचे कष्ट घरी उरकल्यामुळे भिंतीपाशी काही मिनिटे पुरतात, म्हणूनच ज्याच्या हाती सत्ता नाही त्याला हे माध्यम जवळचे वाटते. पॅरिसमध्ये ब्लेक ले रॅट या भित्तिचित्रकाराने १९८१पासून याच पद्धतीने उंदीर उमटवले.

प्रतिसाद (लातूर):
ताई, मला हे पटत नाही. पैठणच्या नाथांनी भारुडातून ढोंगावर कोरडे ओढले ते लोकांसमोर उभे राहून, स्वतःच्या नावानिशी. नाव लपवून केलेल्या टीकेची जबाबदारी कोण घेणार? भिंत घासायला शेवटी सफाई कामगारच येतो, मंत्री येत नाही. शिवाय २०१८मध्ये लिलावात अर्धवट कापले गेलेले बँक्सीचे चित्र २०२१मध्ये सुमारे १ कोटी ८५ लाख पौंडांना विकले गेले. एवढ्या किमतीला विकल्या जाणाऱ्या गोष्टीला बंड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

धागाकर्ता (परभणी):
दादा, सफाई कामगाराचा मुद्दा मला मान्य आहे आणि कुणाच्या खासगी घराच्या भिंतीला हात लावू नये, हेही. पण जात्यावरच्या ओव्यांखाली कुणी सही केली होती? सासरचा जाच नावानिशी सांगणे त्या बाईला परवडणारे नव्हते, म्हणून तिचे दुःख खोटे ठरत नाही. लिलावाचा पैसा हा श्रीमंतांच्या हौसेचा हिशेब आहे. त्यावरून रस्त्यावरच्या चित्राची किंमत ठरवू नये.

प्रतिसाद (अंबाजोगाई):
विद्रूपीकरण रोखणारा कायदा राज्यात १९९५पासून आहे. तरीही वाढदिवसाचे फलक चौक झाकून टाकतात आणि त्यांच्याकडे डोळेझाक होते. दोघांना एकच नियम लावणार असाल, तर मी लातूरकरांच्या बाजूने आहे.

प्रतिसाद (लातूर):
फलकही उतरवावेत, याबद्दल माझे दुमत नाही. मात्र ओवी घरात गायली जात होती, ताई. सार्वजनिक भिंत सगळ्यांची असते, आणि तिच्यावर बोलणाऱ्याने उत्तर ऐकायलाही थांबले पाहिजे.