विषय: एकट्याने करून काय होणार?

‘इंदुरात कचरागाडी दारात येते, मग एका घराने ओल्या कचऱ्याचं खत करून काय फरक पडणार?’ वजनाच्या हिशेबात मुद्दा बरोबर आहे. शहराच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणाऱ्या देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन, आपली बादली किलोभराची. पण शेजारी वजन बघत नाहीत, बादली बघतात. कॅलिफोर्नियातल्या २०१२ च्या अभ्यासातही आसपासच्या छपरांवर सौर पॅनेल वाढली की नवी बसवणारेही वाढतात, असंच दिसलं.

तेव्हा बादली लपवू नका, आणि मुख्य म्हणजे वास येऊ देऊ नका. एकदा आला की मजल्यावर कुणी खताचं नाव काढणार नाही! २० लिटरची बादली, तळाला आणि बाजूंना पेन्सिलीएवढी भोकं. एक वाटा ओला कचरा, दोन वाटे सुकी पानं, वरचा थर कायम सुका. दर चार दिवसांनी खालीवर. मुठीत दाबून पाणी गळलं तर आत हवा नाही, वास त्याचाच. पानं किंवा भुसा घाला. मुंग्या लागल्या तर कोरडं पडलंय. पावसाळ्यात सुकी पानं मिळत नाहीत, मार्चमध्येच दोन पोती भरून ठेवा.

कुणी विचारलंच तर भाषण नको. पोतंभर पानं आणि विरजणाला दोन मुठी अर्धवट खत द्या.