'तिकडे बघ, मग कळेल इकडे किती बरंय' : तुमचे अनुभव

वैजू_नगरकर
परवा कर्जाच्या कागदांसाठी भावाने सातबारा पाठवला. माझं नाव शोधलं तर सापडलं, पण कुठे, 'इतर अधिकार' च्या रकान्यात, सोसायटीच्या बोजाखाली. म्हणजे भाऊ मालक आणि मी बोजाची शेजारीण. बघितलं आणि 2021 चा ऑगस्ट आठवला. बाबा त्याच उन्हाळ्यात गेले होते. हॉलमध्ये टीव्हीवर काबूलचा विमानतळ चालू, धावपट्टीवर पळणारी माणसं, आणि काकांनी टीपॉयवर हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवलेला, त्याच्यावर साडीची पिशवी, कागद उडू नये म्हणून. मी एवढंच विचारलं की आम्हा बहिणींची नावं भावाच्या बरोबरीने का नाही लागली. काकांनी उत्तर नाही दिलं, रिमोट घेऊन आवाज वाढवला. "बघ. बघ तिकडे बायकांचं काय चाललंय, घराबाहेर पडायची सोय राहिली नाही. आणि तू इथे बसून गुंठे मोजतेस." आई चहा घेऊन आली, ती पण म्हणाली खरंय गं बाई, आपण सुखात आहोत. आता अफगाणी बायकांचं दुःख आणि आमच्या विहिरीजवळचा तुकडा यांचा काय संबंध, हे मला तेव्हा सुचलंच नाही, सुचतं ते नेहमी नंतर, भांडी घासताना. धाकटीने सही केली. मी "बघते" म्हणाले, ते अजून बघतेच आहे. साडी दोघींना मिळाली, मोरपंखी, काठ बरा आहे.

तर तुमच्याकडे झालंय का असं? काही मागितलं, किंवा नुसतं तोंड उघडलं, आणि समोरच्याने थेट सौदी-इराण गाठलं? लिहा. पुरुषांनीही लिहा, फक्त 'पण' ने सुरुवात करू नका.

कढीपत्ता
साडीची पिशवी पेपरवेट म्हणून. अगं काय लिहितेस, ऑफिसात हसले मोठ्याने.

मंजिरी_के
आमच्याकडे टॉयलेट. एमआयडीसीतली कंपनी, शॉपफ्लोअरवर आम्ही मोजक्या बायका, लेडीज टॉयलेट होतं पण त्यात जुन्या फायली आणि रंगाचे डबे. किल्ली स्टोअरकीपरकडे, तो नसला की ॲडमिन बिल्डिंगपर्यंत चालत जा, पाळीत तर बघायलाच नको, आम्ही सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. मीटिंगमध्ये विषय काढला तर प्लँट हेड म्हणतात मॅडम, सौदीत बायकांना गाडीसुद्धा चालवू देत नाहीत, तुम्ही इथे मशीन चालवताय. सगळे हसले. मी पण हसले, काय करणार. नंतर 2018 च्या जूनमध्ये सौदीने गाडीची बंदी उठवली ती बातमी मी नोटीस बोर्डावर लावली. आमच्या टॉयलेटचं कुलूप त्यानंतरही बरेच महिने होतं. म्हणजे त्या बायका आमच्या पुढे निघून गेल्या आणि आम्ही अजून किल्ली शोधतोय.

निनाद_उगाच
पण (सॉरी, राहवलं नाही) तुलना केली तर चूक काय त्यात? खरंच तिकडे वाईट आहे. मुलींना सहावीनंतर शाळा बंद, 2022 च्या डिसेंबरपासून विद्यापीठही बंद. आपल्याकडे निदान भांडायची सोय आहे, एवढं मान्य करायला काय हरकत आहे? सगळ्यालाच अन्याय म्हटलं तर मग खऱ्या अन्यायाला काय म्हणायचं?

कढीपत्ता
आला पण.

वैजू_नगरकर
निनाद, भांडायची सोय आहे हे मान्यच. फक्त भांडायला लागलं की तुम्ही काबूल दाखवता.

वकीलीणबाई
जरा कामाचं सांगते, कुकर लावलाय त्यामुळे तीन शिट्ट्यांत. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबर हक्क 1994 ला दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या बाहेर. केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ची, त्यात लग्न झालंय की नाही हा प्रश्नच नाही. मग वाद, वडील त्या तारखेला जिवंत हवेत का? सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2020 मध्ये सांगितलं, गरज नाही, हक्क जन्माने आहे. वैजू, नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मोडायला फार त्रास, फसवणूक किंवा दबाव सिद्ध करत बसावं लागतं. त्यामुळे 'बघते' हा उत्तम कायदेशीर सल्ला तू स्वतःच स्वतःला दिलास. आणि रकान्याचं म्हणशील तर तलाठ्याकडे लेखी अर्ज दे, पोच घे. तोंडी बोललीस तर पुढच्या ऑगस्टला पण तिथेच असशील. झाली शिट्टी.

रियाधकर
मी इथे रियाधमध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे. लायसन्स काढलंय, रोज मुलांना शाळेत सोडते. सासूबाई फोनवर मला "बिचारी" म्हणतात आणि तिकडे इस्लामपुरात माझ्या मोठ्या जावेला गाडीची किल्ली अजून मागून घ्यावी लागते, कशाला, किती वेळ, सोबत कोण. मी सुट्टीत गेले की मला पण.

इथे सगळं छान चाललंय असं अजिबात म्हणत नाहीये हं. ज्यांनी गाडीसाठी आवाज उठवला त्यातली लुजैन अल हथलूल, तिला बंदी उठायच्या महिनाभर आधीच, मे 2018 मध्ये पकडलं, सुटली फेब्रुवारी 2021 ला. हे मी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं तर कोणी काही बोललं नाही, एकाने गुड मॉर्निंग टाकलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या ग्रुपवर सौदीच्या बाईत कोणालाच रस नाही. जावेने किल्ली मागितली की मगच तिची आठवण येते.

मंजिरी_के
रियाधकर, हे शेवटचं वाक्य मी प्लँट हेडना पाठवू का?

कोथरूडची_पेइंगगेस्ट
पुण्यात एमएला असताना आमच्या पीजीत एक अफगाण मुलगी होती, रूममेट नव्हे, समोरच्या खोलीत. आमच्या मालकीणबाईंचा नियम रात्री आठ. वरच्या मजल्यावर मुलगे, त्यांना नियम नाही, त्यांना जिन्याची वेगळी किल्ली. लायब्ररी साडेनऊपर्यंत उघडी असायची म्हणून आम्ही तिघीजणी वेळ वाढवून मागायला गेलो तर काकू म्हणाल्या, अगं हिच्या देशात बघा, आणि त्या मुलीला हाताला धरून पुढे उभं केलं, सांग गं यांना. ती बिचारी डाळीचं पातेलं घेऊन उभी. दोन मिनिटं विचार केला आणि तिच्या त्या हिंदीत म्हणाली, "आंटी, ऊपरवाले लड़के कितने बजे आते हैं?"

साडेनऊ मिळाले. तिच्या आईची काबूलमधली शिक्षिकेची नोकरी तालिबान आल्यावर गेली, ती त्याबद्दल रात्री बोलायची, काकूंसमोर कधी नाही. डाळ मात्र एक नंबर करायची, वरून सुका पुदिना.

कढीपत्ता
सुका पुदिना फोडणीत की वरून नुसता?

कोथरूडची_पेइंगगेस्ट
तुपात जरासा परतून वरून. जळू द्यायचा नाही, कडू होतो.

एडिसनची_मामी
माझं उलटं आहे. अमेरिकेत दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी एचआरला विचारलं पगारी रजा किती. ती बाई प्रेमाने म्हणाली, you know च्या सुरात, तुमच्या देशात तर बायकांचं फार कठीण असतं ना, इथे आहात ते बरं. मी म्हटलं माझ्या देशात माझी बहीण 26 आठवडे पगारी रजेवर आहे. ते 2017 पासून आहे आपल्याकडे, आधी 12 होते, आणि पहिल्या दोन मुलांपर्यंतच, आणि ते सगळं संघटित नोकरीवालीलाच हे मला माहितेय, घरकाम करणाऱ्या मावशींना कुठली रजा. पण अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने मिळतात 12 आठवडे, बिनपगारी, ते पण 50 किंवा जास्त माणसांची कंपनी असेल तर. ती बाई दोन सेकंद गप्प आणि मग म्हणाली ओह वॉव. तर निनादभाऊ, सगळ्या जगाला कुणीतरी लागतं दाखवायला. इथे आपण आहोत.

जुना_पेपरवाला
हे फार जुनं आहे हो. इजिप्तमध्ये इंग्रजांचा लॉर्ड क्रोमर, पाव शतक तिथे कारभार पाहिला. तिथल्या बायकांचा बुरखा, इस्लाम, मागासलेपण यावर भरभरून लिहिलं त्याने. आणि घरी परत गेल्यावर? बायकांना मत देऊ नये म्हणून इंग्लंडात जी संघटना होती तिचा 1910 साली हा अध्यक्ष. त्याच्या मागून त्याच खुर्चीत कोण, तर आपला बंगालच्या फाळणीचा कर्झन. इजिप्तच्या बाईचा कळवळा आणि स्वतःच्या गावच्या बाईला मत नाही. इंग्लंडातल्या बायकांना मत मिळालं 1918 ला, ते पण तिशीच्या वरच्यांना, मिळकतीची अट घालून.

निनाद_उगाच
कर्झनचं माहीत नव्हतं. तरी माझा मुद्दा थोडा वेगळा होता, पण असो, सगळ्या एकदम तुटून पडलात.

वकीलीणबाई
भांडायची सोय आहे ना!

पांढरी_साडी_नको
आमच्याकडे परदेश लागत नाही, इतिहास लागतो. कोविडमध्ये बाबा गेले. आईचं जोडवं काढायला चुलत आत्या पुढे झाल्या, मी हात धरला तर म्हणाल्या, पूर्वी सती जायच्या, आता नुसतं जोडवं काढायला सांगतोय तर केवढा थयथयाट. नुसतं जोडवं. आम्ही शिरोळ तालुक्यातले, 2022 च्या मेमध्ये शेजारच्या हेरवाडने ग्रामसभेत विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, मग सरकारनेही बाकीच्या गावांना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. आई त्या दिवशी काही बोलली नाही. पण संक्रांतीला शेजारच्या काकूंनी हळदीकुंकवाला बोलावलं तर गेली, वाण म्हणून स्टीलचा डबा मिळाला, तो तिने कुणाला वापरू दिला नाही. आत्या अजून सतीवर आहेत.

कढीपत्ता
आईला नमस्कार सांग.

शेवग्याची_शेंग
शनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांनाही जाऊ द्या म्हणून आंदोलन झालं त्या वेळी पण हेच, 2016 ला. आमच्या ऑफिसात एकजण रोज म्हणायचा चौथऱ्यासाठी कशाला भांडता, नायजेरियात मुली पळवून नेतात. त्याला नायजेरिया नकाशावर दाखव म्हटलं.

गेवराईची_आशा
तुम्ही सगळ्या सातबारावाल्या. आमच्याकडच्या बायांचं काय सांगू. दिवाळी झाली की जोडपं ऊसतोडीला साखर कारखान्यावर, मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणजे ती अर्धा कोयता. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापतात, पाळी असो नाहीतर बाळंतीण असो, कोपीत, म्हणजे झोपडीत, न्हाणीघर नाही, संडास नाही. मग गर्भाशयच काढून टाकायचं, तिशीच्या आत. 2019 ला गाजलं, नीलम गोऱ्हेंची समिती आली, कागद झाले. मी गावात मीटिंग घेतली तेव्हा शहरातून एक साहेब आलेले, ते म्हणाले ताई आफ्रिकेत बायकांना पाण्यासाठी मैलोन् मैल जावं लागतं, त्या मानाने. तर मागून एक बाई म्हणाली, "मग आमच्या टोळीवर कुठं नळ हाय?" साहेबांनी चहा घेतला नि गेले. जास्त लिहीत नाही, लसीकरणाची यादी राहिलीय.

मंजिरी_के
ताई, वेळ मिळेल तेव्हा लिहा अजून. वाचतोय.

एडिसनची_मामी
अर्धा कोयता. बापरे.

म्हापशेकर_बाय
उशिरा आले, दुपारी लाइट नव्हती. आमच्या गोव्यात मुलीला बरोबरीचा हिस्सा पोर्तुगीज कायद्यापासून, आईबापाने मृत्युपत्र केलं तरी अर्धी मिळकत मुलांसाठी राखीव, मुलगी धरून. कागदावर झकास. पण वाटणीच्या वेळी बहिणीने सोडायचंच असतं, तोच रिवाज. मी नाही म्हटलं तर भाऊ काय म्हणतो माहितेय? "महाराष्ट्रातल्या बायकांना बघ, त्यांना 2005 पर्यंत धड हक्क नव्हता, तुला जन्मापासून आहे, आणि वर तो वापरायचा पण आहे?"

वैजू_नगरकर
म्हणजे तुमचं काबूल आम्ही!

म्हापशेकर_बाय
होय गो. भावाला सांगते तू रागावलीस म्हणून. सही मी नाही केली, त्याने बोलणं सोडलंय, पण चवथीला वहिनीच्या हातच्या नेवऱ्या गुपचूप येतात.

कढीपत्ता
नेवऱ्यांत सारण ओल्या नारळाचं की सुक्या?