मराठी पीडीएफचं दुखणं घेऊन परदेशातल्या परिषदेत जावं का?

टंकलेखा

मी पुण्यात संगणकशास्त्रात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. विषय एका वाक्यात सांगायचा तर मराठी पीडीएफमधला मजकूर जसाच्या तसा बाहेर का येत नाही. एखाद्या परिपत्रकातली ओळ कॉपी करून तुम्ही वर्डमध्ये चिकटवली असेल तर मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. पडद्यावर स्वच्छ 'निर्णय' दिसतं आणि चिकटवल्यावर उमटतं 'िनणर्य'. पीडीएफ अक्षरं साठवत नाही, अक्षरांची चित्रं आणि त्यांच्या जागा साठवते. ऱ्हस्व इकार न च्या आधी काढला जातो म्हणून तो आधी येतो, रफार ण च्या डोक्यावर बसतो म्हणून तो ण च्या नंतर येतो. अशा फाइलमध्ये 'निर्णय' शोधलं तर काहीच सापडत नाही, शब्द डोळ्यांसमोर असताना.

यावर केलेलं काम मला डॉकएंजला पाठवायचं आहे. ही एसीएम या संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची दस्तऐवज अभियांत्रिकीची, म्हणजे संगणकावर कागदपत्रं तयार करण्याच्या-हाताळण्याच्या तंत्राची परिषद, २००१ मध्ये अटलांटात सुरू झाली. २०२५ मध्ये ती नॉटिंगहॅमला झाली. तिची थोरली बहीण म्हणजे हायपरटेक्स्ट, म्हणजे दुव्यांनी एकमेकांना जोडलेल्या मजकुराची परिषद, १९८७ मध्ये चॅपल हिलला सुरू झालेली आणि २०२५ मध्ये शिकागोला भरलेली. दोन्ही लहान आहेत, आणि मला तेच हवंय.

माझ्या मार्गदर्शकांचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतात, "इतक्या लांब कशाला? इथेच एखादी आंतरराष्ट्रीय परिषद बघ, पैसे भर, प्रमाणपत्र घे, मोकळी हो." तसल्या एका परिषदेला मी पहिल्या वर्षी गेले होते. हॉटेलचा हॉल, एका सत्रात बावीस निबंध, प्रत्येकाला पाच मिनिटं. माझ्या आधी माती परीक्षण आणि नंतर शेअर बाजार. एकही प्रश्न आला नाही. जेवणाच्या आधी प्रमाणपत्र मात्र हातात होतं. मला परत तिथे उभं राहायचं नाही.

तुम्हाला काय वाटतं?

बीडचा_मास्तर

ताई, हॉटेलातल्या परिषदांबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं. मी सव्वीस वर्षं महाविद्यालयात शिकवतोय, तसली प्रमाणपत्रं माझ्याकडेही फाइलभर आहेत. पण त्यावरचा उतारा म्हणून युरोप-अमेरिका गाठायची हे मला पटत नाही.

नोंदणी, विमान, राहणं, व्हिसा असं सगळं धरलं तर माझ्या हिशेबाने दीड-दोन लाखांच्या आत हे बसत नाही. युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या नुसत्या शेंगेन व्हिसाचं शुल्कच ९० युरो. तेवढ्या पैशात आमच्या विभागाला दोन चांगले संगणक येतात. शिवाय यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीने प्रबंधाआधी निबंध छापलाच पाहिजे ही सक्तीही काढून टाकली. मग घाई कसली?

आणि त्या परिषदांना इतकं डोक्यावर घेऊ नका. १९९१ ला हायपरटेक्स्ट परिषद टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला होती. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबवरचा निबंध पाठवला आणि तो नाकारला गेला. ज्यांना दारात आलेलं वेब ओळखता आलं नाही त्यांना आपला रफार कळेल, ही आशा कशाच्या जोरावर धरायची?

दुखणं मराठीचं आहे, तर औषधही मराठीत लिहा. जो कारकून ती पीडीएफ तयार करतो त्याला दोन पानांची मार्गदर्शिका द्या. तालुक्याच्या कार्यालयात जाऊन बसा. तिथे एक फाइल सुधारली तरी माझ्या लेखी ते नॉटिंगहॅमपेक्षा मोठं काम आहे.

म्युनिकवासी

मास्तर, नमस्कार. तुमचा मुद्दा मनापासूनचा आहे, पण सॅन अँटोनिओची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. निबंध नाकारला तरी प्रात्यक्षिकाला जागा मिळाली, आणि बर्नर्स-ली व त्यांचे सहकारी रॉबर्ट कायो जिनिव्हाहून तिथे गेले. हॉटेलात इंटरनेट नव्हतं. फोनची तार ओढून घेतली, मॉडेमची खटपट केली आणि वेब चालवून दाखवलं. घरी बसून 'यांना काय कळतंय' म्हणाले नाहीत.

आणि वेबचे दुवे एकाच दिशेने जातात, पलीकडचं पान हललं की दुवा मेला, हे हायपरटेक्स्टवाल्या मंडळींचं गाऱ्हाणं चुकीचं होतं का? 'हायपरटेक्स्ट' हा शब्द १९६५ मध्ये ज्यांनी मांडला ते टेड नेल्सन दोन्ही दिशांच्या दुव्यांचा आग्रह तेव्हापासून धरत आले. तुटलेले दुवे आपण आज रोज बघतो.

मी कागदपत्रांच्या सॉफ्टवेअरमध्येच काम करतो. डॉकएंजसारख्या लहान परिषदेत काय होतं ते सांगतो. एकच सभागृह, सगळे सगळं ऐकतात. ज्याने मजकुराची पानं पाडण्याचा अल्गोरिदम लिहिला तो चहाला तुमच्या शेजारी असतो. लाटेक या मजकूर जुळणीच्या सॉफ्टवेअरच्या गटातले फ्रँक मिटलबाख यांनी पानं पाडण्याचं त्यांचं काम २०१६ ला व्हिएन्नाच्या डॉकएंजमध्येच मांडलं. ज्या साधनातून उद्या हजारो पीडीएफ निघणार आहेत ते बनवणाऱ्या माणसाला 'िनणर्य' एकदा डोळ्यांनी दाखवणं, याची किंमत तालुक्याच्या कार्यालयात एक फाइल सुधारण्याहून कमी कशी?

बीडचा_मास्तर

कमी नाही म्हणत. पण त्या माणसाला दाखवायला ईमेल पुरत नाही का? अजून एक. जानेवारी २०२६ पासून एसीएमचं सगळं साहित्य वाचायला मोफत झालं. वाचकांसाठी आनंदाची गोष्ट. पण छापण्याच्या खर्चाचा भार आता लेखकाच्या संस्थेवर, नाहीतर लेखकावर. आयआयटी तो उचलेल. माझं महाविद्यालय प्रिंटरच्या शाईला तीन सह्या मागतं. वाचनाचं दार उघडलं आणि लेखनाच्या दाराला उंबरा आला, आमच्यासारख्यांसाठी.

टंकलेखा

सर, उंबऱ्याचं बोललात ते मला लागलं, कारण ते खरं आहे. माझं विद्यापीठ तो खर्च करेल की नाही हे मलाही अजून लेखी मिळालेलं नाही.

प्रवासाचं मात्र थोडं शोधलंय. एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस ही भारतातली संगणकशास्त्र संशोधकांची संघटना मिळून भारतातल्या संशोधकांना प्रवास अनुदान देतात. परिषदेमागचा एसीएमचा सिगवेब गटही विद्यार्थ्यांना मदत करतो. हे मिळेलच असं नाही, पण अर्ज करायला घरचे पैसे लागत नाहीत. आपल्याकडची बरीच मुलं अर्जच करत नाहीत आणि 'परवडत नाही' म्हणून विषय मिटवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

ईमेलचं म्हणाल तर तीन पाठवल्या. उत्तर एकाला आलं: "नमुना पाठवा." पाठवला. नंतर शांतता.

ओसीआर_ओंकार

माझं मत तिसरंच. डॉकएंज सोडा, आयसीडीएआरला जा. दस्तऐवज ओळखण्याच्या क्षेत्रातली ती मुख्य परिषद आहे आणि भारतीय लिप्यांना तिथे घर आहे. देवनागरी आणि बांगला वाचणाऱ्या ओसीआरवरचं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणाऱ्या तंत्रावरचं, कोलकात्याच्या आयएसआयचं (भारतीय सांख्यिकी संस्थेचं) काम १९९७ मध्ये जर्मनीत उल्मला तिथेच मांडलं गेलं, आणि १९९९ ला परिषदच बंगळुरूला आली. हैदराबादच्या ट्रिपल आयटीची मुलं तिथे नियमित दिसतात. 'रफार म्हणजे काय' हे तिथे पहिल्यापासून शिकवत बसावं लागणार नाही. आणि तांत्रिकदृष्ट्याही तुमच्या पीडीएफचं पान चित्र करून ओसीआरमधून काढलं की प्रश्न सुटतो.

टंकलेखा

ओंकार, आयसीडीएआरबद्दल आदर आहे. पण हे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. मजकूर संगणकावरच टाइप झाला होता, युनिकोडमध्ये, बिनचूक. आपण तो पीडीएफ करताना मोडला. आता त्याचा फोटो काढून अंदाजाने परत ओळखायचा? 'क्षेत्र ०.४३' चं '०.४८' झालं तर जबाबदार कोण? पीडीएफच्या प्रमाणकात चित्राखाली खरा मजकूर जोडून ठेवायची सोय आहे. साधनं ती मराठीसाठी नीट वापरत नाहीत. म्हणून साधनं बनवणारे जिथे जमतात तिथे जायचंय.

खिडकीपाशी

मी फक्त अनुभव लिहितो. निबंध स्वीकारला गेला, अनुदानही मिळालं. युरोपातल्या एका देशाच्या व्हिसाचा निर्णय परिषद संपल्यावर चौथ्या दिवशी आला, तोही नकार. माझी बारा मिनिटं दुसऱ्याच कोणीतरी माझ्या स्लाइड वाचून भरून काढली. तीन प्रश्न आले म्हणे. काय होते ते मला आजही माहीत नाही. निबंध पाठवा ताई, पण ध्वनिचित्रफीत आधी करून ठेवा आणि आयोजकांकडून निमंत्रणपत्र स्वीकृती आली त्याच आठवड्यात मागा.

बीडचा_मास्तर

हेच मी म्हणतो. दार आपल्या हातात नाही. मग परिषदाच इकडे का आणू नयेत? लाटेकवाल्यांचं टग संमेलन तिरुवनंतपुरमला २००२ ला झालं आणि २०११ ला परत झालं. वेबची जागतिक परिषद २०११ ला हैदराबादला, संगणकीय भाषाशास्त्राची कोलिंग परिषद २०१२ ला मुंबईत. मग डॉकएंज पुण्यात भरायला काय हरकत आहे?

म्युनिकवासी

काहीच हरकत नाही, मी पहिला येईन. पण मास्तर, केरळात ती आली कारण तिथली माणसं आधी बाहेर दिसत होती, काम करत होती. बोलावणारा घरचा माणूस त्या वर्तुळात असावा लागतो. महाराष्ट्रातून तिथे नियमित जाणारं कोण आहे? कोणीतरी पहिलं जायला हवं ना?

ओवीवेडा

माझा विषय बाजूचा आहे. गीतेचे ७०० श्लोक आणि त्यांवरच्या ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या एकमेकींना जोडायचं काम मी हौसेने करतोय. एका श्लोकावर कधी चार ओव्या, कधी शेकडा, आणि मधेच माउली मागच्या दृष्टान्ताकडे वळतात. साध्या एकदिशी दुव्याने हे भागत नाही. हायपरटेक्स्ट परिषदेत साहित्याला जागा असते असं ऐकून होतो, पण आपण कसले संशोधक म्हणून कधी विचारलं नाही. हा धागा वाचून पहिल्यांदा पाठवावंसं वाटतंय.

श्रवण_वाचक

मी जन्मापासून पाहू शकत नाही. सरकारी नोकरीत आहे. परिपत्रकं एनव्हीडीएवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ऐकतो. तुम्ही डोळ्यांनी 'निर्णय' वाचता आणि चिकटवल्यावर बिघडतं. माझ्याकडे ते बिघडलेलंच येतं. एनव्हीडीए इकारापाशी अडखळतं, मग 'नणर्य' असं काहीतरी म्हणतं. पहिल्या पानाला मी अंदाज बांधतो, पाचव्या पानाला थकतो आणि शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना वाचून दाखवायला सांगतो. बदल्यांची यादी असली की सांगायचंही जिवावर येतं, त्यात माझंच नाव असतं.

मास्तर, कारकुनाला मार्गदर्शिका द्या म्हणालात. तो कारकून मीच आहे. मार्गदर्शिका दिलीत तर मी पाळीन, पण 'पीडीएफ म्हणून जतन करा' हे बटण दाबल्यावर आत काय होतं ते माझ्या हातात नाही. ते ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे कोणीतरी जायला हवं. कुठल्या शहरात ते भेटतात याने मला फरक पडत नाही.

बीडचा_मास्तर

श्रवणजी, हे मला सुचलंच नव्हतं. मी डोळे असलेल्यांच्याच बाजूने विचार करत होतो. खर्चाबद्दलचं माझं मत कायम आहे, पण 'आधी कार्यालयात जा, परिषद नंतर' हे मी मागे घेतो. ताई, चार पानांचा लघुनिबंध पाठवा. इंग्रजी मसुदा वाचून द्यायला मी तयार आहे. मराठी मार्गदर्शिकाही करा, तिचं अर्धं काम माझ्याकडे.

टंकलेखा

सर, दोन्ही मान्य. मसुदा रविवारपर्यंत पाठवते. खिडकीपाशी, निमंत्रणपत्राचं लिहून ठेवलंय. ओवीवेडा, पाठवाच, एकत्र बसून सारांश लिहू.

श्रवणजी, एक विनंती. तुम्ही जे ऐकता ते निबंधासोबत देता येईल का? नावगाव नको, फक्त आवाज.

श्रवण_वाचक

देतो. आज रात्री पाचवं पान लावतो आणि फोनवर रेकॉर्ड करतो. आधी बिघडलेली फाइल आणि मागोमाग तोच मजकूर मी हाताने टाइप केलेला, अशी दोन्ही ऐकवा. मराठी न कळणाऱ्यालाही कळेल.