‘आदर्श’ गॉटलंड: माणसं 61 हजार, मग पाणी कोण पितं?

सागरगोटा
‘स्वीडनकडून शिका’ छापाची एक पोस्ट सध्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरते आहे. लेखक महाशय जुलैत स्वीडनच्या गॉटलंड बेटावर येऊन गेले, इथलं मुख्य गाव विस्बी, त्याच्या तटबंदीपाशी आइस्क्रीम खाल्लं आणि घरी जाऊन निकाल लावला: अख्ख्या बेटाला एकच पालिका, जिल्हा परिषदेची भानगड नाही, 61 हजार माणसं, सगळं एका खिडकीत, किती सुटसुटीत! आणि शेवटी टोला: ‘बेट उन्हाळी पाहुण्यांच्या जिवावर चालतं, स्थानिकांनी त्यांचे आभार मानावेत.’ पहिल्या भागावर गप्प बसले असते. शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं.

मी विस्बीत राहते. नवरा इथल्या इस्पितळात आहे. आधी मुख्य भूमीवर उप्सालाला होतो. तिथे मतदानाला गेलं की तीन रंगांच्या चिठ्ठ्या: संसदेची पिवळी, पालिकेची पांढरी, प्रांताची निळी. भारतीय पासपोर्टवर पिवळी मिळत नाही, पण तीन वर्षं नोंदणीकृत राहिलात की उरलेल्या दोन मिळतात. इथे पहिल्यांदा मतदानाला गेले तेव्हा निळी शोधत उभी राहिले. गॉटलंडला निळी चिठ्ठीच नाही. 1971 मध्ये बेटावरच्या साऱ्या पालिका एकत्र केल्या आणि प्रांताचं कामही त्याच एका पालिकेच्या गळ्यात घातलं. शाळा, पाळणाघरं, पाणी, बस आणि वर विस्बीचं इस्पितळ. 2011 पासून तिला ‘रेजिऑन गॉटलंड’ म्हणतात, एवढाच फरक.

सुटसुटीत कसलं? इस्पितळाला तात्पुरते डॉक्टर आणायचे म्हणून पैसे लागले की कात्री त्याच तिजोरीतल्या गावच्या शाळेवर येते. इतर ठिकाणी प्रांत आणि पालिका एकमेकांच्या अंगावर ढकलतात, मान्य. इथे ढकलायलाही कोणी नाही. आणि दाद मागायलाही.

आता ते 61 हजार. ही नोंदणीकृत माणसं. चारातलं एक 65 च्या पुढचं. जन्मापेक्षा मृत्यू जास्त, आकडा वाढतो तो बाहेरून येणाऱ्यांमुळे. पण पाण्याची लाइन, कचरा आणि अपघात विभाग 61 हजारांपुरता थांबत नाही. जुलैत बेटावर याच्या कितीतरी पट माणसं येऊन जातात. खाली चुनखडी, वर बोटभर माती, पाणी धरून राहत नाही. म्हणून उन्हाळ्यात आम्हाला बागेला पाइप लावायची बंदी. समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प दक्षिण भागात 2019 मध्ये उभारावा लागला. आभार कोणी कोणाचे मानायचे?

हिशेबनीस
लेख चुरचुरीत आहे, हिशेब कच्चा आहे. गॉटलंड म्हणजे गोव्याहून जरासं लहान, 3,100 चौरस किलोमीटरच्या वर. त्यावर 61 हजार माणसं. एवढ्या लोकांना दोन-दोन सभागृहं, दोन-दोन लेखाविभाग पोसायचे? आत्ताच सभागृहात 71 सदस्य आहेत, म्हणजे साधारण 860 माणसांमागे एक. अजून किती हवेत?

दुसरं, तुमच्या तिजोरीत समानीकरणाचे, म्हणजे पालिकांमधली तफावत भरून काढायचे पैसे येतात, ते आमच्यासारख्यांकडून. मी राहतो स्टॉकहोमला लागून असलेल्या लिडिंगॉला. तेही बेटच आहे आणि तीही एक पालिकाच आहे. आम्ही देतो, तुम्ही घेता. तिसरं, उन्हाळी घरांवर पालिकेचा मालमत्ता आकार असतो आणि तो गॉटलंडलाच मिळतो. हे तुम्ही सोयीस्कर विसरलात.

सागरगोटा
विसरले नाही. त्या आकाराला कमाल मर्यादा आहे, वर्षाला दहा हजार क्रोनरच्या आसपास. घर दोन कोटींचं असो की वीस लाखांचं. उत्पन्नावरचा कर मात्र आदल्या वर्षी 1 नोव्हेंबरला नाव जिथे नोंदलेलं तिथे जातो. इथला दर 33.60 टक्के, तुमच्या राजधानीतला तिशीच्या थोडा वर. तेव्हा नाव कुठे ठेवायचं हे शहाण्याला सांगावं लागत नाही.

आणि ‘पर्यटकांचा पैसा’ म्हणजे नक्की काय हो? जेवणाच्या बिलातला व्हॅट सरकारचा. हॉटेल कंपनीच्या नफ्यावरचा कर सरकारचा. वाढप्या पोरगा माल्मो शहराचा, तर त्याच्या पगारावरचा कर माल्मोला. पालिकेच्या हाती लागतो तो इथे नोंदलेल्या माणसाच्या पगारातला वाटा. लिडिंगॉला पूल आहे. आमच्या बेटाशी तुलना करताना तेवढं लक्षात असू द्या.

तहसीलदार (निवृत्त)
मुलगी स्वीडनमध्ये असते, तिच्यासोबत गॉटलंड पाहिले आहे. कोकणातला चाकरमानी राहतो मुंबईत, पण बरेचदा मतदार यादीतले नाव गावी ठेवतो आणि ग्रामपंचायत निवडणुकीला गाड्या भरून येतो. तिकडे नेमके उलटे दिसते: घर बेटावर, नाव शहरात. आपल्याकडे निदान सरपंचाला त्यांची भीती असते! बाकी जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांच्या हद्दीच्या भांडणात माझी अर्धी नोकरी गेली, त्यामुळे एकच संस्था ही कल्पना मला तरी वाईट वाटत नाही. एका नाल्याच्या साफसफाईसाठी दोन्ही कार्यालयांशी जो पत्रव्यवहार झाला त्याची फाइल उचलायला शिपाई कुरकुरायचा.

खारेवारे
पाणी, शाळा, डॉक्टर सगळं नंतर. आधी बोटीचं बोला.

फोरो हे गॉटलंडच्या उत्तरेचं छोटं बेट, कायमची माणसं पाचशेच्या आसपास. तिथे गाडी घेऊन जायला सरकारी पिवळी फेरी, फुकट. का? तर ती ‘रस्त्याचा भाग’. गोथेनबर्गजवळ ओकेरो पालिका, दहा वस्तीची बेटं, तिथेही गाडीसकट फुकट. आणि आमची 61 हजार माणसांची वाट, विस्बी ते मुख्य भूमीवरचं न्यूनेसहाम्न बंदर, तिला तिकीट! तीन तासांच्या वर प्रवास, 1998 पासून तीच कंपनी. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी ऐन जुलैत गाडीला जागा नव्हती. शेवटी विमानाने गेलो, गाडी इथेच, आणि तिकडे टॅक्सीत पैसे ओतले. त्या बोटीच्या डेकवर मात्र तीन कॅम्पर व्हॅन, छपरावर सर्फिंगच्या फळ्या.

हिशेबनीस
हे म्हणजे अतीच. फोरोची खाडी दोन किलोमीटरही नाही. तुमची वाट दीडशेच्या आसपास. डिझेल कोण भरणार, खारेवारे की मी? सरकार त्या मार्गाला आधीच पैसे देतं, म्हणून तर हिवाळ्यात अर्ध्या रिकाम्या बोटी सुटतात. शिवाय बेटावर नाव नोंदलेल्यांना तिकीट स्वस्त. ते लिहायला हात का थरथरला?

खारेवारे
उत्तरेत किरुनापर्यंत दीडशेच्या कितीतरी पट डांबरी रस्ता आहे. त्यावर कोणी तिकीट मागतं का? तिथे बर्फ कोण काढतं, तुम्ही? अंतर मोजायचं तर सगळ्यांचं मोजा. आणि स्वस्त म्हणजे पाहुण्यापेक्षा स्वस्त. मला डॉक्टरकडे जायचंय, सर्फिंगला नाही.

पवनचक्की
बोटीवर दोन्ही बाजूंना +1 (हलकेच घ्या).

मी विस्बीच्या कॅम्पसवर पवनऊर्जेचं मास्टर्स केलं. आमच्या वर्गात भारतीय पोरं बरीच होती. त्या पोस्टवाल्याला एक सांगायचंय. विस्बीत विद्यार्थ्याला मिळणारा खोलीचा करार बरेचदा सप्टेंबर ते मे असतो. जून उजाडला की सामान बाहेर, कारण तीच खोली आठवड्याच्या भाड्याने राजकारण्यांच्या अल्मेडालेन सप्ताहाला आणि मग सुट्टीवाल्यांना द्यायची असते. आमच्या घरमालकीणबाई प्रेमळ होत्या, ख्रिसमसला केशराचे बन द्यायच्या, पण मे संपताना स्वतः रिकामी खोकी आणून दाराशी ठेवली. मी प्रबंध लिहीत होतो. डाळ-तांदळाचे डबे, कुकर, पुस्तकं सगळं एका मित्राच्या सायकलशेडमध्ये, आणि मी दुसऱ्याच्या सोफ्यावर. पुढे नोकरी लागली ती मुख्य भूमीवर, वेस्टेरोसला. बेटाची लोकसंख्या एकाने कमी. तरुण टिकत नाहीत म्हणून पालिका परिषदा भरवते म्हणे.

पळसपान
पवनचक्की, अहो खोली मिळाली नाही म्हणून लोकसंख्याशास्त्र होत नाही. सगळ्या विद्यापीठांच्या गावी हीच रड. लुंडला येऊन बघा.

बाकी मूळ धाग्याबद्दल: गॉटलंडकरांना सतत आपण वेगळे असल्याचा साक्षात्कार होतो. परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण देशात पाचात एक, तुमच्याकडे दहा टक्क्यांच्याही खाली. खरे प्रश्न बघायचे तर माल्मोला या. पाण्याच्या पाइपवर बंदी म्हणे!

सागरगोटा
पळसपान, दोन टँकर पाणी मागवून बघा म्हणजे ‘म्हणे’ म्हणायची सवय जाईल. आणि ते दहा टक्क्यांखालचे म्हणजे आम्हीच. मुलीच्या शाळेत भारतीय आडनाव एकच आहे आणि ते आमचं. वेगळेपणाचा साक्षात्कार मला गॉटलंडकर म्हणून होत नाही, साधा रोजच्या हजेरीत होतो.

पळसपान
मग भांडता कोणासाठी? चार वर्षांपूर्वी तिथे गेलेल्या बाईंनी ‘आमचं बेट, आमचं पाणी’ म्हणायचं आणि तीस वर्षं उन्हाळ्यात तिथे येणाऱ्या माणसाला पाहुणा ठरवायचं? गंमत आहे.

सागरगोटा
हो, म्हणायचं. मी इथे कर भरते, इथे मत देते, फेब्रुवारीत संध्याकाळी सहा वाजता अंधारात इथल्या बसची वाट बघते. तीस वर्षांचे उन्हाळे एकत्र करून दाखवा, फेब्रुवारी एकही सापडणार नाही. आणि माझ्यावर घसरण्याआधी मुद्द्याचं काही असेल तर लिहा.

तहसीलदार (निवृत्त)
शांत व्हा मंडळी. मला एक समजून घ्यायचे आहे. पालिका एवढी बलवान म्हणता, तर मोठ्या गोष्टींत तिचे चालते का?

खारेवारे
काका, नाही चालत. स्लीते बंदराचं उदाहरण घ्या. 2016 च्या अखेरीस रशियन गॅसवाहिनीचे पाइप ठेवायला बंदर भाड्याने द्यायचं घाटत होतं. स्टॉकहोमहून मंत्र्यांनी डोळे वटारले, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे म्हणून. आमच्या लोकांनी निमूटपणे नाही म्हटलं. काही आठवड्यांत तेच काम मुख्य भूमीवरच्या कार्ल्सहाम्नला मिळालं, आणि तेव्हा सरकारची हरकत विरली! त्याच स्लीतेला देशातला बहुतांश सिमेंट बनतो. 2021 मध्ये न्यायालयाने चुनखडीच्या खाणीचा परवाना नाकारला, भूजलाला धोका म्हणून. लगेच संसदेने खास कायदा करून तात्पुरती वाट काढून दिली. पाणी आमच्या विहिरीतलं, निर्णय तिकडचा. आणि ते पाइप, तो सिमेंट जातो कशाने? बोटीने. माणसांना मात्र…

हिशेबनीस
परत बोट!

त्या स्लीतेच्या कारखान्यात नोकऱ्या कोणाच्या आहेत? बेटावर नाव नोंदलेल्यांच्याच. सागरगोटाताईंच्या हिशेबाने हाच तर पालिकेचा खरा पैसा. बंद पडला असता तर शाळेवर दुप्पट कात्री आली असती. आणि सुरक्षेचं म्हणाल तर 2005 मध्ये बंद झालेली बेटावरची पलटण 2018 मध्ये सरकारने परत आणलीच ना? सैनिक कुटुंबं घेऊन येतात, नावं नोंदवतात, पोरं शाळेत घालतात. स्टॉकहोमने केलेलं सगळंच वाईट नसतं.

सागरगोटा
कारखान्याचं बरोबर आहे, म्हणून मी त्याच्याविरुद्ध एक अक्षर लिहिलेलं नाही. पलटण आली तेही बरंच झालं. पण तुम्हीच आता माझा मुद्दा मांडलात: जो नाव नोंदवतो तो बेट चालवतो. आइस्क्रीमवाला नाही.

तुमची दोन सभागृहांची भीती मला पटत नाही असं नाही. 61 हजारांत दोन परवडणार नाहीत, ठीक आहे. मग एकाच सभागृहाने निदान ताळेबंद वेगळे मांडावेत: नोंदलेल्या माणसांसाठी किती खर्च झाला, उन्हाळी गर्दीसाठी किती. आणि दुसरा आकडा घेऊन सरकारच्या दारात बसावं. समानीकरणात विरळ वस्ती मोजतात, वय मोजतात, मग जुलैतल्या गर्दीची ही बाजूही धडपणे मोजा.

पवनचक्की
मे अखेरीस बाहेर काढलेल्या विद्यार्थ्यांचाही एक रकाना ठेवा त्यात.

हिशेबनीस
व्हॅट आणि माल्मोच्या वाढप्याचा मुद्दा तुम्हाला बहाल, घरी फ्रेम करून लावा. वेगळा ताळेबंदही चालेल, पण मग त्यात माझा मालमत्ता आकार जमेच्या बाजूला ठळक अक्षरात दिसला पाहिजे. हो, आहे माझं एक छोटं घर तिकडे, दक्षिणेला. आता तुटून पडा. बोटीवर मात्र मी यापुढे काही बोलणार नाही.

सागरगोटा
तरीच! बागेला पाइप लावता की झारी?

खारेवारे
बोलू नका, तिकीट काढा. ऑगस्टमध्ये विस्बीच्या मध्ययुगीन सप्ताहाला ऐनवेळी गाडीसकट जागा मिळाली तर इथे येऊन सांगा.